टेकडीवरचा लाल ठिपका

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या म्युझियमच्या ऑडिओ गाइडमधल्या ज्या बाईसाठी लोक डोळे पुसतात, ती मी बनवलेली आहे. लंचच्या आधी, घाईघाईत.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका छोट्या म्युझियमचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका जर्मन कलावंताचं प्रदर्शन ठरलं होतं. चित्रकार होता, शिल्पकारही होता, पण त्याच्या जिल्ह्याबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. जन्मभर एका गावात राहिला. थडग्यांचे दगड कोरले, चर्चसाठी लाकडी देवदूत केले, चौकातल्या कारंज्यावर दगडी बदकं बसवली, शाळेत ड्रॉइंग शिकवलं. उरलेल्या वेळात खिडकीतून दिसणारी एकच टेकडी पुन्हा पुन्हा रंगवली. त्याची मुलगी हिल्डा लग्नानंतर मिशिगनला आली. म्हातारपणी तिने वडिलांचं सगळं काम आम्हाला देऊन टाकलं, फक्त घरातल्या सोफ्यावर टांगलेलं टेकडीचं सगळ्यात मोठं चित्र ठेवून घेतलं. ऑफिसात सगळे तिला नुसतं हिल्डा म्हणत. माझ्या तोंडात ते बसेना. मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणायचो.

आमचा डायरेक्टर ग्रेग वैतागला होता. "दारू नाही, वेड नाही, तुरुंग नाही. डोनर्सना काय सांगू? वेळेवर जेवायचा?"

"टेकडी छान काढायचा," मी म्हणालो.

"टेकडीला आर्क नसतो."

आर्क म्हणजे गोष्टीतला चढउतार. माणूस आधी पडतो, मग उठतो. हा माणूस पडलाच नव्हता.

बोर्डासमोर ऑडिओ गाइडच्या ॲपचा डेमो होता आणि प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरचा मजकूर आलेला नव्हता. अशा वेळी प्रोग्रामर प्लेसहोल्डर टाकतात, म्हणजे जागा भरायला काहीतरी निरर्थक. पण मी पुण्याच्या सर्व्हिस कंपनीत वाढलेलो. डेमोत स्क्रीन रिकामी दिसता कामा नये, हा तिथला पहिला संस्कार. मागे काही नसलं तरी चालतं. टेकडीच्या प्रत्येक चित्रात वाटेच्या वळणावर एक लाल ठिपका होता. मी लिहिलं, 'ही ती, जी त्याला सोडून गेली. लग्नानंतरही तो खिडकीशी बसून तिची वाट पाहत राहिला.' मशीनच्या आवाजात ते आणखी खरं वाटलं.

बोर्डरूममध्ये ते वाजलं. एका बाईंनी टिश्यू काढला. ग्रेगने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रिसर्च कुणाचा?"

'डमी डेटा आहे' एवढंच म्हणायचं होतं. माझं ग्रीन कार्ड त्याच्या सहीवर अडलेलं होतं. मी म्हणालो, "टीमवर्क."

पुढे माझ्या हातात काही उरलं नाही. क्युरेटरने भिंतीवरच्या पॅनेलमध्ये तिचा 'संभाव्य' उल्लेख केला. गाइड लोकांनी 'संभाव्य' गाळलं. गिफ्ट शॉपमध्ये लाल ठिपक्याचे स्कार्फ आले. प्रदर्शन सुरू झालं तसं तिला व्हायोलिन वाजवता येऊ लागलं, मग टीबी झाला. माझी बायको पाहून आली आणि म्हणाली, "काय प्रेम केलंय यार त्या माणसाने. शिक काहीतरी."

हिपचं ऑपरेशन झाल्यामुळे हिल्डाकाकू ओपनिंगला नव्हत्या. प्रदर्शन संपता संपता व्हीलचेअरवरून आल्या. हेडफोन लावून द्यायला मलाच पाठवलं. त्यांनी एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मला वाटायचं, तो ठिपका म्हणजे मी," त्या म्हणाल्या. "माझा लाल कोट होता. शाळेतून त्याच वाटेने यायचे. पप्पा कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही."

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिलो.

"आईला हे माहीत होतं का?"

"मॅम, ते... नक्की सांगता नाही येणार."

"असू दे. तुम्ही लोकांनी अभ्यास केलाय. मी तेव्हा लहान होते."

ग्रेग मागे उभा होता. चेहऱ्यावर योग्य तेवढं दुःख होतं.

काही दिवसांनी एक व्हॅन सोफ्यावरची टेकडी घेऊन आली. हिल्डाकाकूंनी ग्रेगला फोनवर सांगितलं होतं, "ते त्या बाईचं आहे. तिच्यासमोर बसून कॉफी प्यायला मला नको वाटतं." ग्रेगने बोर्डाला सांगितलं की आमच्या स्टोरीटेलिंगने डोनर हलतात. चित्र मुख्य भिंतीवर लागलं. त्याचा ऑडिओही मीच चढवला. पुढे मला ग्रीन कार्ड मिळालं.

यातून मी शिकलो ते एवढंच, की डेमोत रिकामी जागा रिकामीच दाखवावी. बोर्ड थोडा वेळ नाराज होतो, बाकी कुणाच्या घरातलं काही उचललं जात नाही.

तो ठिपका कोण, हे मला माहीत नाही. एवढ्या हिरव्यात डोळ्याला थोडा लाल हवा, म्हणूनही असेल. लाल कोटातली मुलगीही असेल. ती बाई मात्र नव्हती. हिल्डाकाकू जवळच असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल होते अशा ठिकाणी, राहतात. मी तिथल्या पार्किंगपर्यंत जाऊन परत आलेलो आहे. त्यांच्यासमोर बसून हे सांगणं, आणि ते चित्र सोडवून त्यांच्या भिंतीवर परत लावणं, ही दोन्ही कामं मी त्यांचं देणं लागतो. अजून एकही केलेलं नाही.