घाबरट हाताची गाडी

इस्माईलभाईंचं नाव आधी घेतो, मग काय घडलं ते सांगतो. नाहीतर सांगता सांगता माझंच पुराण सुरू होईल आणि ते राहतील बाजूला. भिवंडीत माझे पाय टिकले ते या माणसामुळे. ते नसते तर मी कधीच पिशवी उचलून उदगीरला परत गेलो असतो, आणि आठवीत शाळा सोडलेल्या पोराचं पुढे काय होतं ते आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर पालथे पडले होते. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका रिकाम्या गोदामात, लालसर कार्पेटवर गाल टेकवून. मला वाटलं माणूस चक्कर येऊन पडला. मी "पाणी आणू का?" म्हणत धावलो, तर पडल्या पडल्या रिमोट धरलेला हात वर करून म्हणाले, "थांब. बूट काढ आधी. आणि बाजूला हो, गाडी येतेय." कानाशेजारून सूंऽऽ करत वीतभर गाडी गेली, वळणावर गर्रकन फिरली आणि उलटी होऊन चाकं हलवत पडली. "बघितलंस? मागचं टोक सुटतंय," ते म्हणाले. मी काहीच बघितलं नव्हतं. मी आपला बूट काढत होतो.

इस्माईलभाई कुवेतला होते. तिथल्या उन्हात बाहेर काही खेळायची सोय नाही, म्हणून गोरे साहेब हॉलमध्ये कार्पेट अंथरून रिमोटच्या गाड्या पळवत आणि इस्माईलभाई त्या गाड्या लावून देत. म्हणजे वळणावर गाडी घसरू नये, हट्टाने सरळ जाऊ नये, अशी जुळवून देत. मग तिकडे लढाई पेटली आणि सगळे परत आले. त्यांचे थोरले भाऊ अब्दुल्लाशेठ, म्हणजे माझे मालक, यंत्रमागांच्या लूमखात्यात सगळ्यांसमोर सांगायचे, "लोकांनी येताना सोनं आणलं, टेप आणले. हमारे साहब खिलौने लेके आये!" इस्माईलभाई हसायचे. "भाईजान, सोन्याला स्टेअरिंग नसतं."

मुंबईतलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्याच्या हॉलचं कार्पेट त्यांनी लिलावात उचललं आणि भावाच्या गोदामात अंथरलं. मुंबईत अशा गाड्यांची हौस असलेली काही मंडळी होती, पण त्यांना जागा मिळत नव्हती. ती आली, त्यांना कार्पेट पसंत पडलं, तर गोदाम भाड्याने जाणार होतं. शेठनी अट घातली होती, "एक रविवार बघ. त्यांना जमलं तर तुझं, नाहीतर कापडाच्या गाठी येऊन पडल्या आहेत, त्या भरतो."

माझंही नशीब त्याच रविवारला बांधलेलं होतं. मंदी होती, शेठनी अर्धे लूम बंद केले होते आणि कमी करायच्या माणसांत मी होतो. इस्माईलभाईंनी मला मागून घेतलं. शेठ म्हणाले, "ठेव. हॉल राहिला तर हा राहील. हॉल गेला तर हाही गेला." हे माझ्यासमोरच. 

मलाच का मागितलं, हे मी एकदा भीत भीत विचारलं. म्हणाले, "तू घाबरतोस. घाबरणारा माणूस वस्तू हळू ठेवतो. मला असाच पाहिजे." हे कौतुक आहे की टोमणा, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

नाव असून ते मला कायम 'उदगीर' म्हणत. "उदगीर, सुरी आण." सुरी म्हणजे भाभींची, त्यांच्या बायकोची, कांदा कापायची. तिचं पातं गाडीच्या नाकाखाली बरोबर मध्ये धरायचं आणि हळूच उचलायचं. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर गाडी कुठेतरी पिळलीय. एका बाजूला शहाण्यासारखी वळेल, दुसऱ्या बाजूला रुसेल. मग मागच्या पट्टीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा सुरी. भाभी दारातून ओरडायच्या, "मेरी छुरी दो, नहीं तो आज खाने में यही गाडी मिलेगी!"

त्यांचा एकच कायदा होता. "एका वेळी एकच स्क्रू. दोन फिरवलेस आणि गाडी सुधरली, तर गुण कुणाचा आला सांगशील?" मला घाई फार. गाडी बिघडली की वाटे, सगळंच सोडून पुन्हा जोडावं. ते हातातून पाना काढून घेत. "एक केलंस ना? आता पळव. बघ. मग दुसरं."

पण पळवायचं म्हटलं की माझे हात कापत. रिमोटचं चाक मी गरजेपेक्षा जास्त फिरवायचो, मग चूक सुधारायला उलटं त्याहून जास्त, आणि गाडी प्रत्येक वळणावर भोवऱ्यासारखी. मी म्हणालो, "इस्माईलभाई, मला जमणार न्हाई. माझी भीतीच जात न्हाई."

"तुझी भीती घालवायला मी काय मौलवी हाय?" ते म्हणाले. "तू तसाच राहा. गाडी बदलू."

आणि त्यांनी खरंच गाडी माझ्या भीतीला जुळवली. आधी रिमोटवरची खिट्टी फिरवून चाकांचं वळणं कमी केलं. मी कितीही दचकलो तरी चाकं बेतानेच वळणार. पळवून पाहिलं. मग पुढची स्प्रिंग थोडी कडक घातली. पुन्हा पळवलं. फोमच्या टायरांना पकड यावी म्हणून एक उग्र वासाचं औषध चोळतात. ते मागच्या टायरांना पूर्ण, पुढच्यांना फक्त आतल्या अर्ध्या भागाला. त्याने मागचं टोक चिकटून राहिलं आणि पुढचं जरासं आळशी झालं. गाडीचा वेग तोच होता, पण दिसायला ती एखाद्या समजूतदार म्हशीसारखी वळू लागली. "हां," ते म्हणाले, "आता ही उदगीरची गाडी."

रविवार उजाडला. आम्ही पोचलो तर शेठ आमच्या आधी हजर. पांढरा सदरा, हातात बादली, चेहऱ्यावर यजमानाचा आनंद. "मेहमान येणार म्हणून सगळं तयार करून ठेवलं. एकदम थंडा!"

सगळ्या कार्पेटवर पाणी मारलेलं होतं.

भिवंडीत जन्म काढलेला माणूस दुसरं काय करणार? लूमखात्यात सकाळी पहिलं काम तेच. पाणी मारलं की उडती रुई खाली बसते, हवेत ओल राहते, धागा तुटत नाही. शेठनी मनापासून, खास आमच्यासाठी, स्वतःच्या हाताने मारलं होतं. पण ओल्यावर टायरची पकड जाते. इस्माईलभाई एक शब्द वाकडा बोलले नाहीत. "चांगलं केलंत, भाईजान," म्हणाले, आणि पालथे पडून गाल टेकवला. उठले तेव्हा अर्धी दाढी ओली. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "मापात मारलंय. सगळीकडे सारखं. हेच नशीब समज."

मुंबईची मंडळी आली. त्यांचे पुढारी दाताचे डॉक्टर, हसतमुख, गाड्यांची उत्तम जाण असलेले. पण त्यांच्या गाड्या कोरड्या, चिकट कार्पेटसाठी लावलेल्या, पुढून तिखट, म्हणजे जरा चाक फिरवलं की झटकन वळणाऱ्या. पहिल्याच वळणाला एक भिंतीवर, दुसरी कोपऱ्यात, तिसरी सरळ शेठच्या चपलेत. डॉक्टर म्हणाले, "शेठ, कार्पेट आहे की तलाव?" शेठचा चेहरा पडला. मग डॉक्टर जरा संकोचून म्हणाले, "जागा छान आहे हो. पण हे असं असेल तर..." आणि पेटी बंद करू लागले.

माझी पिशवी मी सकाळीच भरून दाराशी ठेवली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो.

"डॉक्टरसाहेब, चहा येतोय," इस्माईलभाई म्हणाले. "तोवर आमचा उदगीर दोन चकरा मारेल. बघून घ्या."

"मी?"

"मग कोण, भाभी?"

गाडी खाली ठेवताना त्यांनी फक्त खिट्टी आणखी थोडी मागे घेतली. एकच. माझे हात कापतच होते. मी चाक फिरवलं, जास्तच फिरवलं, आणि गाडी तिला हवं तेवढंच वळली. दुसरं वळण, तिसरं. ओल्या कार्पेटवर ती शांतपणे फिरत राहिली. चहा आला, थंड झाला, कोणी कपाला हात लावेना. डॉक्टर गुडघ्यांवर बसले.

"ही कशी काय घसरत नाही?"

"हा घाबरतो, म्हणून हिला थंड डोक्याची केलीय," इस्माईलभाई म्हणाले. "ओलं कार्पेट आणि हा, दोघांचा स्वभाव एक हाय."

डॉक्टर मोठ्याने हसले आणि आपली गाडी पुढे केली. "माझी पण लावा बघू अशी."

दुपारपर्यंत पंख्यांनी कार्पेट सुकलं, तशा इस्माईलभाईंनी सगळ्यांच्या गाड्या एकेक स्क्रूने पुन्हा तिखट केल्या. शेठ रिमोट धरून बसले ते उठेनात, जिंकले की टाळी, हरले की "बॅटरी खराब है." जाताना डॉक्टर म्हणाले, दर दुसऱ्या रविवारी येतो, भाड्याचं बोलून घ्या. फक्त पाणी मारू नका. शेठनी मान डोलावली आणि वळून मला म्हणाले, "ए, ती पिशवी दारात काय ठेवलीय? माणसं अडखळतील. आत ठेव."

मी पिशवी आत नेली आणि तिच्यावरच बसून रडलो. इस्माईलभाई आले, बघितलं, आणि बघितलंच नाही असं दाखवून सुरी शोधू लागले.

तो हॉल काही वर्षं चालला. मग मुंबईच्या लोकांना जवळ जागा मिळाली, रविवार रिकामे जाऊ लागले, आणि शेवटी गोदामात गाठी आल्याच. तोवर मी चांगला कारागीर झालो होतो. इस्माईलभाईंनी मला मानकोली नाक्यावर खऱ्या गाड्यांची चाकं सरळ करणाऱ्या गॅरेजात नेऊन उभं केलं. मालकाला म्हणाले, "हळू काम करतो. पण परत करावं लागत न्हाय." पुढच्याच महिन्यात ते पुन्हा कुवेतला गेले. दोन मुलींची लग्नं व्हायची होती. निघताना मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "जेवत जा नीट."

कार्पेटचा रोल शेठनी मला दिला. माझ्या खोलीत मावत नाही, म्हणून गॅरेजच्या माळ्यावर चढवून ठेवलाय. रात्रंदिवस काळजी, उंदीर लागतील, छप्पर गळेल. पावसाळ्यात वर प्लास्टिक घालतो.

कोन गावाच्या बाजूला जागा बघतोय. आज ऐपत नाही, पण होईल. ज्या दिवशी होईल त्या दिवशी ते कार्पेट तिथे अंथरीन, कोरडं, सुरकुती नसलेलं, आणि इस्माईलभाई सुट्टीवर येतील तेव्हा विमानतळावरून घरी न नेता आधी तिथे नेईन. किल्ली त्यांच्या हातात देईन. भाभी रागावतील, रागावू देत. हा हॉल त्यांचा होता, तो त्यांना परत मिळणार. हा माझा शब्द आहे.