जयरामचा अंगठा धरलेली पाल

कुडाळचा जयराम परब आखातात, अर्दियातल्या एका फर्निचरच्या गोदामात बारा वर्षं स्टोअरकीपर आहे. पालींना तो लहानपणापासून घाबरतो. दुधात पाल पडून अख्खं घर दगावल्याच्या गोष्टी त्याने गावात ऐकल्या होत्या, आणि त्या खोट्या आहेत असं त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये बांबूच्या खुर्च्यांचा कंटेनर आला. नग मोजायला त्याने एका गठ्ठ्यात हात घातला आणि अंगठ्याला काहीतरी कडकडून चावलं. हात बाहेर काढला तर दीड वीत लांबीची, राखी-निळी, नारिंगी ठिपक्यांची पाल लटकत होती. त्याने हात झटकला, तसा तिने जबडा आणखी आवळला.

ड्रायव्हर अशरफने त्याला तसंच गाडीत घातलं. वाटभर जयराम त्या पिवळट डोळ्यांकडे बघत राहिला. हात कोपरापर्यंत बधिर झालाय असं त्याला वाटत होतं.

"घर पे फोन लगाऊँ?" अशरफने विचारलं.

"नको." आवाजावरूनच बायकोला सगळं कळलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरही दोन पावलं लांब थांबले. पाल विषारी आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नर्सने लॅबमधून ज्ञानदा गोखलेला बोलावलं. टेक्निशियन होण्याआधी तिने पुण्यात एम.एस्सी.ला सरड्या-पालींचा अभ्यास केला होता. पण ही जात तिने फक्त बरणीत, रंग उडालेली पाहिली होती.

"ताई, वाचतलंय ना मी?"

ती वाकली. पालीच्या बोटांखालच्या रुंद पट्ट्या, पापण्या नसलेले डोळे, पाठीवरचे दाणे तिने नीट पाहिले.

"माल कुठून आलाय?"

"इंडोनेशिया."

"मग ही 'टोके' जातीचीच पाल. आपल्या घरातल्या पालीच्याच कुळातली. आसामपासून इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत असते. विष नाही हिला. धरलं की सोडत नाही, एवढंच."

"खात्री आसा?"

तिने पालीचे नारिंगी ठिपके पुन्हा एकदा पाहिले. "आहे."

श्वास कोंडला की पाल जबडा सोडेल, म्हणून तिने टबात पाणी भरून त्याचा हात पालीसकट बुडवला. मिनिटं जाईनात. जयराम डोळे मिटून पुटपुटत होता. अखेर जबडा सुटला, पाल टबाबाहेर सटकली, आणि अशरफने घाईने तिच्यावर खोकं उपडं घातलं.

जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत जयराम सारखी बोटं हलवून बघत होता.

उरलेले गठ्ठे दुसऱ्या दिवशी त्यानेच उघडले, जाड हातमोजे घालून, प्रत्येकावर आधी काठी आपटून. घरी त्याने महिन्याभराने सांगितलं.