चारशे ठसे आणि माझं एक कलम

आजोबांचे लाकडी ठसे कुठे गेले, असं तुम्ही पत्रात विचारलंत. सांगते.

आजोबा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात कापडछपाईचे मास्तर होते. १९९० नंतर सुरतेतली हातछपाईची जुनी दुकानं बंद पडू लागली आणि त्यांचे सागवानी ठसे चहाच्या टपऱ्यांवर जळणाला जाऊ लागले. आजोबा दर रविवारी सायकलवरून ते गोळा करून आणत. पलंगाखाली ठसे, माळ्यावर ठसे, गव्हाच्या पिंपामागेही ठसे.

"मलाही ठेवा एखाद्या कोपऱ्यात," मी म्हणायचे.

"तुझ्यावर नक्षी असती तर ठेवलं असतं."

पुढे ते अंथरुणाला खिळले. ठसे संग्रहालयाला द्यायचे, लोकांनी ते बघायचे, एवढी एकच इच्छा उरली होती. एक फूल छापायला तीन ठसे लागतात: रेघेचा, रंग भरायचा आणि जमिनीचा, म्हणजे फुलामागच्या रंगाचा. "एका फुलाचे तिन्ही वेगळे करू नका, एवढं लिही," ते म्हणाले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. एवढ्याशा वाक्याने माझं समाधान होईना. संपूर्ण संग्रह एकाच दालनात मांडावा, त्यातला कोणताही भाग वेगळा मांडू नये, असं कलम मी टाइप केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "सगळं नीट लिहिलंय," मी म्हटलं. त्यांनी सही केली. महिन्याभरात ते गेले.

वर्षाने मी संग्रहालयात गेले. ठसे कुठेच दिसेनात.

"बेन, वीस ठसे म्हणाल तर उद्या मांडतो," तिथले साहेब म्हणाले. "चारशेंना दालन कुठून आणू?"

"मग वीसच मांडा."

"पत्रात मनाई आहे. देणारे हयात असते तर नवी सही घेतली असती."

"पत्र मीच लिहिलंय."

"तरीच इतकं पक्कं आहे."

मी अर्ज केले, वकिलाला भेटले. सगळ्यांनी कलम वाचून नकारार्थी मान हलवली.

ठशांच्या पेट्या संग्रहालयाच्या जिन्याखाली आहेत. दरवर्षी आजोबांच्या तिथीला मी जाते. यंदा खालच्या पेटीतून किडीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा गळत होता. उघडून बघू का, विचारलं, तर रखवालदार म्हणाला, लेखी परवानगी आणा. पदराने वरची धूळ पुसली. पेट्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर मी लिहिलेले ठशांचे आकडे अजून स्पष्ट आहेत, एक ते चारशे, ओळीने.

सुरतेला आलात तर तिकडे जाऊ नका. बघायला काही नाही.