बांबू उचलायची जागा

गोमाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूरला लेकीकडे जेवायला बसलो होतो. फोन त्यांच्या मुलाचा, देवानंदचा. "गुरुजी, बाबा गेले," एवढंच बोलला. नागभीडला गाडीतून उतरून गावात पोचेस्तोवर माती होऊन गेली होती. त्यांच्या बायकोने, पार्वताबाईंनी, पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमचीच वाट पाहून राह्यले होते जी ते." मी मान खाली घातली. मला त्या माणसाची माफी मागायची होती, आणि दोन वर्षं मी ती उद्यावर ढकलत आलो होतो.

गोमाभाऊ जातीने ढिवर, मासे धरण्यात सारा जन्म गावच्या तलावावर काढलेला. मी त्याच गावच्या शाळेतला मास्तर, बौद्ध, देव न मानणारा. रिटायर झाल्यावर सकाळी मी त्यांच्या डोंग्यात जाऊन बसू लागलो. एकाच लाकडातून कोरलेला डोंगा, हातात लांब बांबू, आणि तोंड अखंड चालू... मासोळीची तक्रार, पोराची तक्रार, सरपंचाची तर रोजचीच. पण तलावाच्या पाळीवरचं, बांधावरचं, मोहाचं वाकडं झाड आणि पलीकडच्या डोंगराची खाच एका रेषेत आली, की बोलता बोलता ते थांबत. बांबू पाण्यातून उचलून मांडीवर आडवा ठेवत. डोंगा आपला आपण सरकत राही. पहिल्या वेळी मी "काय झालं?" म्हणून विचारलं, तर पुढे गेल्यावर मला चांगलंच झापलं. "खाली माय हाये. बांबू लागंल ना तिच्या डोस्क्याले!"

माय म्हणजे एक दगड. वर्षाचे दहा महिने पाण्याखाली. उन्हाळ्यात तलाव आटला की गोमाभाऊ चिखल तुडवत जाऊन तिला शेंदूर लावून येत. एरवी तिचं देऊळ म्हणजे तो उचललेला बांबूच. त्याच्या टोकावरून पाणी ठिबकायचं, धुक्यात पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळायचं नाही, आपण बसलोय की तरंगतोय तेही... विहारात डोळे मिटल्यावर मनाला जे निवांत वाटतं, तेच मला तिथे डोळे उघडे ठेवून वाटायचं. गोमाभाऊ चिडवत, "तुमी त देव मानत नाई गुरुजी, मंग इथी काऊन चूप होता?" मी म्हणे, "तुमच्या बांबूच्या धाकानं." ते खूप हसत.

मग एका उन्हाळ्यात गावच्या पोरांनी ठरवलं, माय पाण्यात बुडते हे काही बरं दिसत नाही. पाळीवर मंदिर बांधू. जागेसाठी अर्ज हवा होता आणि गावात अक्षर चांगलं माझं. मी लिहून दिला. सांगायला लाज वाटते, पण इतका मन लावून लिहिला की दोनदा पक्का केला. मला काय त्याचं, माझा तर देवच नाही, असा माज होता. ज्याची माय होती त्याला विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. दगड खणून काढला, ट्रॅक्टरवर वाजतगाजत पाळीवर नेला. फरशी झाली, लोखंडी दार झालं, दाराला कुलूप झालं. त्या दिवशी गोमाभाऊ माझ्या उंबऱ्याशी उभे राहिले.

"अर्ज तुमी लिवला जी?"

"हो."

ते परत गेले. त्या पावसाळ्यात त्यांनी मला डोंग्यात बोलावलं नाही.

हिवाळ्यात एका सकाळी रस्त्यावरूनच हाक आली, "चला गुरुजी, धुकं पडून राह्यलं." जसं काही झालंच नव्हतं. मोह रेषेत आला आणि त्यांनी बांबू उचलला. मी बोलून गेलो, "गोमाभाऊ, आता खाली काही नाही." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जागा मागे पडल्यावर म्हणाले, "माय वर गेली म्हनतेत. गेली असंल. माह्या हाताले कोनी सांगतलं नाई." माफीचे शब्द माझ्या जिभेवर आले होते... तेवढ्यात त्यांनी बाजारातल्या रोहू मासोळीच्या भावाचा विषय काढला आणि मी सुटलो. पुढे एकत्र बसणं खूप झालं. ते शब्द मात्र राहूनच गेले.

मागच्या आठवड्यात देवानंदला म्हटलं, मला एकदा तलावात ने. तो कारखान्यात कामाला, सुट्टी काढून आलेला. बांबूची सवय सुटलेली, डोंगा नुसता गोल फिरत होता. धुकं दाट. मी पाळीकडे डोळे लावून बसलो. बऱ्याच वेळाने वाकडा मोह दिसला, मागे डोंगराची खाच.

"थांब. बांबू उचल."

"काऊन जी?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याने बांबू मांडीवर आडवा घेतला. डोंगा आपला आपण सरकू लागला, बांबूच्या टोकावरून पाणी ठिबकत राहिलं. माफीचे शब्द मी घरून घोकत आलो होतो. पण तिथे बोलायचं नसतं.