उलट्या अक्षरांची माणसं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या छापखान्यात नवा माणूस शिरला, की त्याला वाटतं इथं सगळे अडाणी जमलेत. भिंतीला टेकवलेल्या लाद्यांवरचं एक अक्षर धड नसतं. वेलांट्या भलत्या बाजूला, काने अक्षराच्या आधी. छापखाना म्हणजे लग्नपत्रिकांचा नव्हे. यंत्रमाग काढून नेल्यावर रिकामा पडलेला एक शेड, मधोमध हातानं फिरवायचं दाबयंत्र, आणि चित्रांचा नाद लागलेली आम्ही पेठेतली माणसं. लिनोची मऊ लादी कोरायची, शाई लावायची, वर कागद ठेवून चाक फिरवायचं. लादीवरचं उलटं कागदावर सरळ उमटतं. म्हणून आमचा एकच नियम: शाई लावण्याआधी आपली अक्षरं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. एकदा घाईत मी ‘शुभेच्छा’ सरळच कोरलं. चाचांनी तो छापा दारावर चिकटवला आणि येईल त्याला विचारायला लागले, "मास्तर की ये कौनसी जबान है, भाई?"

चाचा म्हणजे छापखान्यातले सर्वांत जुने, आणि सर्वांत टकले. दुसऱ्या अक्का. विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. आणि मी चित्रकलेचा मास्तर, गॅदरिंगची नाटकं बसवणारा, तोंड बंद ठेवणं ज्याला जन्मात जमलं नाही असा इसम.

ते काम देवानं केलं. एका सकाळी दात घासता घासता माझी उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, आणि जीभ तोंडात ओल्या चिंधीसारखी पडून राहिली. शब्द डोक्यात सगळे तयार, विंगेत मेकअप करून उभे, पडदाच उघडेना. वर आणखी एक विनोद: रडू आलं की मला हसू फुटायचं. बायको डोळ्यांत पाणी आणून विचारायची, "अहो, मला ओळखलंत का?" आणि मी खदाखदा हसायचो. त्यामुळं माझ्या मान हलवण्यावरही कुणाचा भरवसा उरला नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मुलीनं पाटी आणली. डाव्या हातात खडू दिला. मी लिहिलं. मुलगी बघत राहिली, मग आईकडं बघून तिनं मान हलवली. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. "नुसत्या रेघोट्या मारतायत," बायको म्हणाली. पाटी कपाटावर गेली.

त्यानंतर माणसं माझ्यासमोर अशी बोलायला लागली, जशी कपाटासमोर बोलतात. मेव्हणा माझ्या उशाशी बसून मला कुठं ठेवायचं ते ठरवायचा. मोडनिंबला गावाकडच्या घरी जागा आहे, म्हणायचा. आणि एका दुपारी माझं अंग पुसून झाल्यावर बायको तिच्या बहिणीला म्हणाली, "त्याच दिवशी देवानं नेलं असतं तर सुटले असते. मीपण सुटले असते." मला अर्थातच हसू फुटलं. दोघींनी माझ्याकडं पाहिलं आणि ओल्या फडक्याची घडी घातली.

मग एक दिवस अक्का आणि चाचा आले. चाचा दारातूनच ओरडले, "क्या मास्तर, आज मैं बोलूँगा, तुम सुनोगे! क्या दिन आया!" मी डाव्या हातानं हवेत लिहून दाखवलं. अक्कांनी पाटी मागितली. "कशाला?" बायको म्हणाली, "त्यांना नाही येत आता." तरी तिनं काढून दिली.

मी लिहिलं. अक्कांनी पाटी घेतली आणि वाण्याकडची पाटी वाचावी तसं वाचलं, "चादरीची घडी टोचते." मग चिडून म्हणाल्या, "अय्यो, वैनी, बरोबर हाय की हे! उलटं लिवलंय, आमच्या लादीवानी."

माझा डावा हात उजवीकडून डावीकडं लिहीत होता. मला स्वतःला ते कळलं नव्हतं. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

बायकोनं माझ्या पाठीखाली हात घातला. जाड सोलापुरी चादरीची दुमड तिथं होती. हात बाहेर आला तेव्हा बोटांना ओल होती. पाठीची कातडी सोलवटली होती.

"मास्तर, मैं कौन?" चाचांनी परीक्षा घेतली. मी लिहिलं. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "टकल्या म्हणतेत." चाचांनी टोपी काढून मला मुजरा केला. "दिमाग सलामत है!"

बायको हसली नाही. ती माझ्या पायाशी बसली. मग म्हणाली, "म्हणजे सगळं कळत होतं?" मी मान हलवली. "त्या दिवशी ताई आली होती... मी बोलले ते ऐकलंत?"

मी लिहिलं. माझी नाटकं बसवायची सवय. एखाद्या पात्रानं इथं खोटं लिहिलं असतं तर मीच त्याला टाळी दिली असती. पण पहिल्यांदाच कुणीतरी माझं वाचत होतं. म्हणून लिहिलं ते खरंच: ‘ऐकलं’.

अक्कांनी पाटी पाहिली. मला पाहिलं. काय ऐकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण बायकोचा चेहरा त्यांनाही वाचता येत होता. "न्हाय ऐकलं म्हणतेत," त्या म्हणाल्या, आणि तळहातानं पाटी पुसून टाकली.

"तीनच अक्षरं होती की," बायको म्हणाली.

"उलटं लिवलं की आखडतंय, वैनी."

एवढा सुंदर खोटारडेपणा माझ्यासाठी आजवर कुणी केला नव्हता, आणि मला दादही देता येत नव्हती. घशातून आलं ते हसूच आलं, मोठं, घाणेरडं. बायकोनं माझ्या बोटांतून खडू सोडवून घेतला.

"चाचा, जरा हात लावा," ती म्हणाली. "जखमेवरचा भार काढू या."

तिघांनी मिळून मला कुशीवर वळवलं, भिंतीकडं तोंड करून. पाठीवर तिची बोटं जखमेच्या कडेकडेनं पावडर लावत होती.