समजेपर्यंत उभा

"उभा राहा. तू नव्हे, तो मागचा. गुरवाचा."

सांगलीच्या महाविद्यालयातील गणिताचा तास. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी उठलो. फळ्यावर एक अर्धवर्तुळ होते आणि त्याच्या माथ्याला टेकलेली आडवी रेषा. शेजारी सरांनी लिहिले होते: दोन्ही मुळे समान, म्हणून रेषा स्पर्शिका. मी एवढेच विचारले होते, "सर, रेषा एकाच बिंदूला टेकते. मग मुळे दोन कशी?"

सरांचे मूळ घर आमच्याच गावचे, औंधजवळचे. ते मला ओळखत होते.

"तुझे वडील आमच्याकडे पत्रावळ्या पोचवतात ना? आमच्या मुलाच्या मुंजीत पानं तूच मांडलीस. मग स्पर्शिका कशाला हवी तुला? संस्कृत चांगलं आहे तुझं. तेच घे, देवळात उपयोगी पडेल. गणित सोड. तोवर उभा राहा."

पुढचे दोन बाक हसले. त्यांवरची मुले सायंकाळी सरांच्या घरी शिकायला बसत. 'का' तिथे सांगितले जाई. वर्गात फक्त 'लिहून घ्या'.

तास संपेपर्यंत मी उभा होतो. दुसऱ्या दिवशीही उभाच राहिलो. सर म्हणाले, "बस आता." मी बसलो नाही.

"मला अजून समजलेलं नाही, सर."

हा उद्धटपणा नव्हता. गावातल्या वृद्ध शास्त्रीबुवांनी महादेवाच्या देवळाच्या पायरीवर बसवून मला संस्कृत शिकवले होते. त्यांचा एकच दंडक होता: अर्थ कळल्याशिवाय पुढचा श्लोक नाही. न कळता म्हणणे म्हणजे वाणीचा अपमान, असे ते सांगत. ती माझी श्रद्धा होती. तिच्यापुढे सरांची आज्ञा लहान होती.

आठवडाभर मी उभा राहिलो. उंब्रजच्या एका ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा माझ्या बाकावर बसे. तो खालून सदरा ओढी. "आरं गड्या, बस की! मारुतीचा अवतार हायस व्हय?"

उभ्याने मी फळ्याकडे पाहत असे. पंचवीसमधून क्ष-वर्ग वजा करायचा आणि त्याचे वर्गमूळ घ्यायचे, असे ते फलन. क्षला उणे पाचपासून पाचपर्यंतच्या किमती चालतात. तो त्याचा प्रांत. सहा चालत नाही, कारण वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. सहाला बाहेर ठेवण्याचे कारण त्या पदावलीतच दिसते. कोणीही तपासून घ्यावे. मग मला बाहेर ठेवण्याचे कारण कोणत्या पदावलीत होते? मी शोधले. कोठेच नव्हते. होती ती फक्त त्यांच्या घरातली पंगत, जिथे आम्ही पाने मांडायची, बसायचे नाही.

रविवारी गावी गेलो. माझे वडील, आबा, अंगणात पळसाची पाने टाचत होते.

"पाय सुजल्यात रं. कशानं?"

मी सगळे सांगितले.

"मग सोडतोस व्हय गणित?"

"न्हाई, आबा."

"मग बस. पानं लाव."

पत्रावळी पूर्ण झाली. गोल, हिरवी. मी एक लांब काडी तिच्यावर मधोमध आडवी ठेवली आणि हळूहळू वर सरकवू लागलो. काडी कडेला दोन ठिकाणी छेदत होती. वर नेताना ते दोन बिंदू एकमेकांकडे येत गेले. पत्रावळीची त्रिज्या पाच धरली, तर तीनच्या उंचीवर उणे चार आणि चार. चारच्या उंचीवर उणे तीन आणि तीन. पाचच्या उंचीवर दोघे एकाच जागी आले. शून्य आणि शून्य. दोन मुळे, समान. काडी आणखी वर नेली, तर पानाला लागेचना. फलन पाचच्या पुढची किंमत देतच नाही. त्याची व्याप्ती तिथे संपते.

मी हात जोडले. आबा म्हणाले, "आता काय झालं?" मी पुढचे पान टाचायला घेतले.

सोमवारी सरांनी विचारले, "काय, सोडलंस का?"

"नाही, सर. समजलं." मी उभ्यानेच सगळे सांगितले. सर म्हणाले, "बरोबर आहे. बस."

मला जागा मिळाली होती. मी वाकलोही. तेवढ्यात शेजारचा कुजबुजला, "काय म्हनलास रं? मला कायबी कळलं न्हाई." मी मागे पाहिले. मागचे सगळे बाक खाली मान घालून उतरवून घेत होते, अर्थावाचून.

मी पुन्हा ताठ झालो.

"सर, यांना कुणी सांगितलेलं नाही. आपण फळ्यावर सांगावं. तोवर मी बसणार नाही."

"तुला समजलं ना? मग तुझं काय अडलं?"

शेजारी बाक करकरला. उंब्रजचा उभा राहिला होता. "मला बी न्हाई समजलं, सर. म्या बी उभा ऱ्हातो."

सर डस्टर टेबलावर टाकून निघून गेले. त्या दिवशी फळ्यावर कोणी काही सांगितले नाही. आम्ही दोघे घंटेपर्यंत उभे होतो. दुसऱ्या दिवशीही.

आज मी वृद्ध आहे. रोज पूजेच्या वेळी गुरूंना नमस्कार करतो. त्या सरांच्या विद्येलाही करतो. त्यांच्या बंद दाराला केला नाही, करणार नाही. जिथे शब्द सर्वांना वाटले जातात आणि अर्थ मोजक्यांसाठी राखून ठेवला जातो, त्या प्रत्येक सभेत मी उभा राहिलो आहे.

मला जागा दाखवू नका. आधी मागच्यांना सांगा.