दोघींत वाटलेल्या गोळ्या

"पाणी? कामावर मी पाणी पितच नाही, डॉक्टरीणबाई. प्यायलं की उठावं लागतं."

कॉलरवालीनं हे अशा तोऱ्यात सांगितलं, की जणू बक्षीस घ्यायलाच आली होती.

शर्टांच्या कारखान्यात अकरा वर्षं ती नुसत्या कॉलरी शिवत होती. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. ती उठली की कॉलरीवाचून अडलेल्या पुढच्या चौदाजणी हातावर हात ठेवून बसत आणि मुकादम घड्याळाकडं बघे. म्हणून सकाळी घोटभर चहा, मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत दातावर दात. चार दिवस झाले, घटकेघटकेला लघवी लागत होती. गेलं की चार थेंब, तेही मिरची चोळल्यासारखे. वर ओटीपोटात कळ. आग होते म्हणून तिनं पाणी आणखी तोडलं. जायचंच नाही, तर आग होईल कशी?

म्हाताऱ्या डॉक्टरणीनं लघवी तपासली. "मूत्राशयाला सूज आहे. जंतू बाहेरून वर चढतात. बाईची लघवीची वाट आखूड, त्यांना फार चालावं लागत नाही. तू तुंबवून धरतेस, त्यांचा आत संसार वाढतो. पाणी पी, लागली की ऊठ. गोळ्या पाच दिवस. बरं वाटलं तरी एक सोडायची नाही. थंडीताप आला, पाठीत दुखलं, तर धावत ये. म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले."

तिसऱ्या दिवशी आग थांबली. त्याच दिवशी शेजारच्या मशीनवर बाह्या शिवणारी तिची धाकटी जाऊ तशाच आगीनं कळवळायला लागली. त्या ओळीची रीतच होती: सुई, दोरा, डबा, असेल त्यातलं अर्धं शेजारणीला.

"घे, गोळ्या उरल्यात."

"आणि तुम्हाला, जाऊबाई?"

"मला काय धाड भरलीय? घे मुकाट्यानं."

निम्म्या हिनं खाल्ल्या, निम्म्या तिनं. दोघी निम्म्याच बऱ्या झाल्या. जंतू तेवढे पुरते सावरले.

आठवड्यानं भर दुपारी कॉलरवालीचे दात वाजायला लागले. उजव्या बरगडीखाली पाठीत कळ आली आणि कॉलर वाकडी गेली. अकरा वर्षांत पहिलीच. "पोचले गं वरपर्यंत," ती म्हणाली.

जाऊ उठली. "मुकादम, हिला दवाखान्यात नेते."

"आणि कॉलरी?"

"तुम्ही शिवा."

तीन दिवस कॉलरवाली दवाखान्यात पडून होती. हाताला सलाईन, उशाला जाऊ. डॉक्टरणीनं जावेचीही लघवी तपासली, तिला तिच्या वेगळ्या गोळ्या दिल्या आणि कॉलरवालीकडं वळली.

"साखर वाटल्यासारख्या वाटल्यास की गं! मूत्रपिंड वाचलं या खेपेला. पुढच्या खेपेची हमी माझ्याकडं मागू नकोस."

"नाही मागत," कॉलरवाली म्हणाली. घरी न्यायला दिलेल्या गोळ्या तिनं दोनदा मोजल्या, आणि पाकीट शेवटची गोळी संपेपर्यंत कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

कामावर परतली त्या दिवशी साडेदहाला ती मशीन सोडून उभी राहिली.

"कुठं?" मुकादम.

"लघवीला."

चौदा मशीनं थांबली. मुकादमानं घड्याळाकडं पाहिलं. ती आली, बाटलीतलं दोन घोट पाणी प्याली.

"आता मी," म्हणत जाऊ उठली.

कॉलरवालीनं पुढची कॉलर सुईखाली सरकवली आणि पाय दाबला.